पोटातली बंदूक काढून तिथे घुमट बसवला: आजोबांच्या वहीतल्या ओळींचा अर्थ सांगाल का?

जामसंडेची नात

नमस्कार मंडळी. आमचं घर देवगडजवळ जामसंड्याला. यंदा आगोटीच्या तयारीत माळा आवरताना पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांची एक वही मिळाली. पन्नासच्या दशकात ते हवाई दलात होते, पुण्याला लोहगावच्या तळावर, सहा नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये. विमान लिबरेटर, चार इंजिनांचं. आजोबा त्यात रडारच्या पडद्यापुढे बसत. मी सातवीत असताना ते गेले, त्यामुळे विचारायचं सगळं राहूनच गेलं. आजीला विचारलं की ती एवढंच म्हणायची, "तुझो आजो इमानात बसान दर्यो राखी."

वही सरकारी नाही, त्यांची खाजगी आहे. तारखा फार कमी आहेत. शाई फुटलीय आणि पानं दमटाने एकमेकांना चिकटलीत. जेवढं लागलं त्यातल्या काही ओळी जशाच्या तशा देते:

"पोटातली बंदूक काढली. तिथे घुमट बसवला. बॉम्बच्या कोठीत पेट्रोल."

"आज पडद्यावर फेस फार. वाऱ्याच्या तोंडाला जास्त, पाठीला कमी. खाली उतरलो तेव्हा निवळला."

"अर्धा तास झाला की उठवतात. डोळे चांगले असले तरी उठवतात."

"धुवायला लावलं. गोडं पाणी."

मला तीन गोष्टी कळत नाहीत. हे विमान मुळात बॉम्बफेकी, मग ते समुद्रावर पहारा करायला का लावलं? ते तसं करायचं म्हणजे नेमकं काय काय बदलायचं? आणि हा "फेस" कुठला? समुद्रावरचा म्हणावा तर "पडद्यावर" असं स्पष्ट लिहिलंय. बाबांना वाटतं की पडद्याची काच खराब झाली असेल. मला तसं वाटत नाही. फेस हा शब्द वहीत निदान वीस ठिकाणी आहे.

वेंगुर्ल्याचा रडारवाला

बाळ, तुझी वही वाचून मी दोन दिवस अस्वस्थ आहे. मी नौदलात विमानांच्या रडारवर काम केलं, गोव्यात दाभोळीला. लिबरेटर उडताना मी पाहिलेलं नाही, ती १९६८च्या अखेरीस निवृत्त झाली आणि मी भरती झालो पुढे पाच वर्षांनी. पण आमच्याकडे आलेली सुपर कॉन्स्टेलेशन विमानं तुझ्या आजोबांच्याच स्क्वाड्रनमधून आली होती. मूळची ती एअर इंडियाची प्रवासी विमानं. हवाई दलाने ती समुद्रावरच्या टेहळणीसाठी सहा नंबरला दिली आणि १९७६ साली ती नौदलाकडे आली. विमानांबरोबर जुन्या माणसांची शिकवणही येते. म्हणून थोडं अधिकाराने लिहितो.

आधी फेस. काच खराब नव्हती. तुझे आजोबा अगदी बरोबर लिहीत होते, फक्त आपल्या भाषेत लिहीत होते. रडार लाटा सोडतं, त्या कशावर तरी आपटून परत येतात आणि पडद्यावर ठिपका उमटतो. जहाजावर आपटतात तशा त्या समुद्राच्या लाटांवरही आपटतात. समुद्र शांत असला की रडारची लाट पाण्यावरून घसरून पुढे निघून जाते, परत काही येत नाही. वारा सुटला, लाटा उभ्या राहिल्या की प्रत्येक लाटेचं कपाळ थोडंथोडं परत पाठवतं. मग पडद्याच्या मध्याभोवती, म्हणजे विमानाच्या आसपासच्या पाण्याच्या जागी, पांढुरकं चमचमतं भरून येतं. इंग्रजीत त्याला सी क्लटर म्हणतात. आम्ही नुसतं क्लटर म्हणायचो. फेस हा शब्द त्याहून चांगला आहे, कारण ते दिसतंच तसं, भरतीला वाळूवर पसरतं तसं.

आणि "वाऱ्याच्या तोंडाला जास्त, पाठीला कमी" हे वाचून मी खुर्चीतून उठलो. पुस्तकात हेच लिहिलेलं असतं. वाऱ्याच्या दिशेला तोंड करून रडार पाहतं तेव्हा लाटांची उभी, तुटणारी बाजू समोर येते, परतीचा आवाज मोठा. उलट बाजूला पाहिलं की लाटांची उताराची पाठ. "खाली उतरलो तेव्हा निवळला" हेही खरं. विमान जितकं उंच तितकी रडारची लाट पाण्यावर वरून आपटते आणि फेस लांबवर पसरतो. खाली आलं की तो आक्रसतो. पण खाली आल्यावर दूरचं दिसत नाही, तिथेच सगळी ओढाताण.

फेसातून गलबत ओळखायचं कसं? पडद्यावर फिरणारी रेघ दर फेरीला नवं चित्र काढते. लाटेचा ठिपका एका फेरीत इथे, पुढच्या फेरीत नाही, तिसरीत दुसरीकडे. जहाजाचा ठिपका जागा धरून राहतो. मग हळूहळू रिसीव्हरची ताकद कमी करत जायचं, फेस विझत जातो आणि लोखंड असेल तर ते शेवटपर्यंत टिकतं. लाकडी मचवा असेल तर तो फेसाबरोबरच विझतो. हे हाताचं काम आहे, एका बटणाचं. ते शिकवता येतं पण बसवावं लागतं, तबल्यावर बोट बसवतात तसं.

"अर्धा तास झाला की उठवतात" याचंही कारण आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या ध्यानात आलं की रडारवर बसलेल्या चांगल्या माणसाच्या नजरेतूनही काही वेळाने ठिपके सुटू लागतात. केंब्रिजच्या नॉर्मन मॅकवर्थने यावर प्रयोग केले. घड्याळासारख्या तबकडीवर काटा टकटक पुढे सरकतो, क्वचित एकदा दुप्पट उडी मारतो, ती पकडायची. पहिल्या अर्ध्या तासातच माणसं चुकायला लागली. डोळे थकत नाहीत, लक्ष थकतं. म्हणून माणसं आलटूनपालटून बसवायची. आजोबांना त्याचा राग येत असावा असं वाटतं. मलाही यायचा.

बाकीचं उद्या लिहितो, डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली.

घाटमाथा_४७

काकांनी रडारचं सांगितलं, मी विमानाचं सांगतो. मी कुणी फौजी नाही, चिपळूणला वर्कशॉप आहे, पण जुन्या विमानांचा नाद शाळेपासून.

भारताकडे लिबरेटर आली कशी हे फार थोड्यांना माहीत आहे. युद्ध संपलं तेव्हा ब्रिटिश हवाई दलाची बरीच लिबरेटर कानपूरला चकेरीच्या तळावर सोडून दिलेली होती. ती अमेरिकेने उसनवारीच्या कराराने दिलेली, म्हणून जाताना पुन्हा कुणी उडवू नये अशी त्यांची मुद्दाम मोडतोड केली होती. १९४८ साली हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या माणसांनी त्या भंगारातून चांगले भाग निवडून, एकाचं दुसऱ्याला लावून, विमानं पुन्हा उभी केली. कंपनीचे वैमानिक जिमी मुन्शी ती कानपूरहून बंगलोरला उडवत नेत, पुढची पक्की दुरुस्ती तिथे होई. नोव्हेंबर १९४८मध्ये पाच नंबरची स्क्वाड्रन याच विमानांवर उभी राहिली. ती बॉम्बफेकीची. सहा नंबर १९५१ला समुद्रावरच्या टेहळणीसाठी. मी रोज गिअरबॉक्स उघडतो, म्हणून छातीवर हात ठेवून सांगतो: मुद्दाम बिघडवलेलं यंत्र पुन्हा भरवशाचं करणं हे नवं बनवण्यापेक्षा अवघड असतं, कारण कुठे काय घाव घातलाय ते माहीत नसतं.

आता बॉम्बफेकी का? तर समुद्रावर तासन्‌तास राहू शकणारं, भरपूर वजन उचलणारं, चार इंजिनांचं दुसरं काही हाताशी नव्हतं. लिबरेटरचा पंख ११० फुटांचा, लांब आणि अरुंद. असा पंख पेट्रोल जपून वापरतो. बॉम्बची कोठी भलीमोठी, तिची दारं दुकानाच्या शटरसारखी गुंडाळत वर जाणारी. तिथे बॉम्बऐवजी पेट्रोलच्या टाक्या बसवल्या की विमान आणखी कितीतरी तास हवेत. अटलांटिकच्या मध्यावर एक मोठा पट्टा होता जिथे कुठल्याच किनाऱ्यावरून विमान पोचत नव्हतं आणि जर्मन पाणबुड्या तिथेच जहाजांच्या ताफ्यांवर तुटून पडत. चिलखताचे पत्रे काढून, पोटाखालची बंदूक काढून, टाक्या वाढवून हलकी केलेली लिबरेटर १९४३च्या वसंतात तो पट्टा झाकायला लागली. त्या मे महिन्यात जर्मनांच्या चाळीसच्या वर पाणबुड्या बुडाल्या आणि महिना संपायच्या आत ॲडमिरल डोनिट्झने उत्तर अटलांटिकमधून बाकीच्या मागे बोलावल्या. एकट्या लिबरेटरमुळे झालं असं नाही, जहाजं होती, नवं रडार होतं, गुप्त संदेश फुटले होते. पण तो पट्टा बुजला नसता तर हे झालं नसतं.

पालशेतकर

एक शंका. समुद्रासाठी तर समुद्री विमानं होतीच की, पाण्यावर उतरणारी. कॅटालिना, संडरलँड. कॅटालिना एकवीस-बावीस तास हवेत राहू शके. ४ एप्रिल १९४२ला सिलोनकडे येणारं जपानी आरमार पहिल्यांदा दिसलं ते कॅटालिनालाच, बर्चल नावाच्या कॅनेडियन वैमानिकाला. मग बॉम्बफेकी विमानाचं एवढं कौतुक का? माझ्या मते ते हाताशी होतं म्हणून वापरलं, योग्य होतं म्हणून नाही.

वेंगुर्ल्याचा रडारवाला

पालशेतकर, तुमचा मुद्दा अर्धा खरा आहे. बर्चलने पाहिलं, संदेश पाठवला आणि लगेच जपानी लढाऊ विमानांनी त्याला पाडलं. पाहणं झालं, पण परत येणं झालं नाही. कॅटालिना फार हळू. आता हिशेब करा. पाण्यावर असलेली पाणबुडी विमान दिसताच साधारण अर्ध्या मिनिटात बुडी मारते. विमान ताशी ३६० किलोमीटरने आलं तर सेकंदाला १०० मीटर, अर्ध्या मिनिटात तीन किलोमीटर. त्याच्या निम्म्या वेगाने आलं तर दीड. तेवढ्या फरकात पाणबुडी सापडते किंवा निसटते. बॉम्बफेकी विमानाचा वेग इथे कामाला येतो. शिवाय ते धावपट्टीवरून उडतं, उधाणात सुद्धा. पाण्यावरून उडणाऱ्याला खाडी शांत लागते. आपल्याकडे जून ते ऑगस्ट कुठली खाडी शांत मिळणार?

तरी "योग्य होतं म्हणून नाही" यात मला थोडं तथ्य दिसतं. बॉम्बफेकी विमान उंचावरून जाण्यासाठी घडवलेलं, वीस हजार फूट आणि वर. समुद्रावर ते हजार-दोन हजार फुटांवर फिरवायचं. वर विरळ हवेत इंजिनाला हवा कोंबणारी यंत्रणा खाली ओझंच. आणि खाली खारं असतं.

म्हणून बाळ, तुझ्या चौथ्या ओळीकडे येतो. "धुवायला लावलं. गोडं पाणी." तू ती ओळ दिलीस पण प्रश्न विचारला नाहीस, मला तीच सगळ्यात जवळची. किनाऱ्यावर राहणाऱ्याला खाऱ्या वाऱ्याने काय होतं ते सांगायला नको. खिडकीचे गज दोन पावसाळ्यांत सुटतात. तोच वारा ताशी तीनशे किलोमीटरने, तुषारांसकट, ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर, रिव्हेटच्या फटीत, इंजिनाच्या पंख्यांत, वायरच्या जोडांत शिरतो. दाभोळीला विमान उतरलं की आधी गोड्या पाण्याचा फवारा, मग बाकी सगळं. आम्ही पोरं होतो, कंटाळा करायचो. आमचा चीफ, घाटावरचा माणूस, समुद्र नोकरीतच पहिल्यांदा पाहिलेला, तो बोट फिरवून जिभेला लावायचा आणि खारट लागलं की पुन्हा धुवायला लावायचा. मी एकदा शेपटीखालचा भाग नुसताच पुसून आलो. चार महिन्यांनी तिथला पत्रा पांढऱ्या भुकटीसारखा हातात आला. ते मी अजून विसरलो नाही.

घुमटाचं राहिलं. पोटाखाली बंदुकीचा जो गोल होता तो खाली-वर सरकणारा होता, म्हणजे भोक आणि सांगाडा आयताच तयार. तिथे रडारचा फिरणारा अँटेना बसवून वर घुमट घातला की चहूकडचं दिसतं. नाकात बसवला तर शेपटीमागचं दिसलं नसतं. उड्डाण घेताना आणि उतरताना तो आत ओढून घ्यायचा.

घाटमाथा_४७

काका, रात्रीचं पण सांगा ना. लेह लाइट.

वेंगुर्ल्याचा रडारवाला

तो आमच्या आधीचा, पण ती गोष्ट फेसाशीच जोडलेली आहे म्हणून लिहितो. त्या वेळचं रडार पाणबुडी दुरून दाखवी, पण शेवटच्या मैलभरात ठिपका फेसात बुडून जाई. दिवसा हरकत नाही, डोळे असतात. रात्री मात्र नेमकं हल्ला करायच्या वेळी आंधळं व्हायचं. हम्फ्री लेह नावाच्या अधिकाऱ्याने सुचवलं की विमानालाच २४ इंची सर्चलाइट लावा, रडारवर जवळ जा आणि शेवटी दिवा पेटवा. वेलिंग्टन या दोन इंजिनांच्या बॉम्बफेकी विमानाच्या पोटात तो बसवला. जून १९४२मध्ये पहिल्यांदा वापरला. पुढे लिबरेटरच्या पंखाखालीही टांगला.

आणखी एक, मला फार आवडणारी गोष्ट. बॉम्बफेकी विमानं रात्रीच्या हल्ल्यासाठी पोटाला काळी रंगवलेली असत. समुद्रावर तीच काळी पोटं उजळ आभाळासमोर लांबून दिसायची आणि पाणबुडी आधीच बुडी मारायची. पॅट्रिक ब्लॅकेट आणि त्यांच्या शास्त्रज्ञांच्या गटाने हिशेब मांडून सांगितलं, पांढरी करा. त्यांनीच आणखी सांगितलं की पाण्यातला बॉम्ब १०० फुटांवर फुटायला लावता ते चुकतंय. जी पाणबुडी अजून दिसतेय ती एवढी खोल गेलेलीच नसते. तो २५ फुटांवर फुटू द्या. विमान तेच, बॉम्ब तोच, फक्त एक आकडा आणि एक डबा रंग बदलला.

हर्णैचा तांडेल

मी मासेमारीवाला, लिहायची सवय नाही, मुलगी टाइप करतेय. रडार माझ्या बोटीवर पण आहे, छोटं. फेस म्हणतात तो मी रोज बघतो. आम्ही त्याला कचरा म्हणतो. दुसरी बोट फायबरची असेल आणि वारा असेल तर कचऱ्यात दिसतच नाही, म्हणून डोलकाठीवर पत्र्याचा परावर्तक लावतात. ज्यांनी लावला नाही त्यांना रात्री आम्ही आवाजावरून ओळखतो.

या ताईच्या आजोबांच्या वेळी आमच्याकडे सगळी लाकडी शिडाची होडकी. माझे वडील सांगायचे की कधीकधी मोठं विमान फार खालून जायचं, चार इंजिनांचं, आणि ते शिडाची दोरी सैल करून हात वर करायचे. वरून दिसत असेल का, असं आम्ही विचारायचो. ताई, वहीत कुठे होड्यांचं लिहिलंय का?

जामसंडेची नात

काका, घाटमाथा, पालशेतकर आणि तांडेलकाका, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. काल सगळं छापून बाबांना वाचून दाखवलं. काचेचा आपला अंदाज त्यांनी मागे घेतला. "फेस" आला की ते आता मान हलवतात. दिवाळीत त्यांना गोव्याला बोगमाळ्याच्या नौदलाच्या संग्रहालयात नेणार आहे, तिथे सुपर कॉन्स्टेलेशन ठेवलंय ते दाखवायला. लिबरेटर मात्र दिल्लीला, पालमच्या हवाई दलाच्या संग्रहालयात आहे, ते आम्हाला लांब. भारताने जपलेल्यांतली काही आज ब्रिटन, कॅनडा आणि अमेरिकेतल्या संग्रहालयांतही उभी आहेत.

तांडेलकाका, तुमच्या प्रश्नामुळे चिकटलेली पानं सोडवायचा धीर केला. मधे कागद घालून, पंख्याखाली, दोन दिवस. आठ पानं सुटली, तीन फाटली. होड्यांचं एका पानावर आहे. तारीख नाही. वर फक्त "परतताना" असं लिहिलंय. ते इथे देते, तुमच्या वडिलांसाठी:

"पहाटे मतलई. फेस नाही. पडद्यावर काही नाही, म्हणून खिडकीशी गेलो. देवगडापुढे तेरा होड्या मोजल्या. एकीने हात वर केला. आपली कुठची ते एवढ्या वरून कळत नाही."